शाळेने डीसीपीपीला, म्हणजे न्यू जर्सीच्या बालसंरक्षण खात्याला कळवलं, घरी केसवर्कर येऊन गेली, आता आईबापांना नक्की कुठले हक्क आहेत?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. आधी तो थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल आणि माझं काही चुकीचं समजलं असेल तर तुम्ही सांगा. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता, दोघंही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डची लाइन चालू आहे. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. सासूबाई व्हिजिटर व्हिसावर आल्यात. मुलीने डबा तसाच परत आणला म्हणून त्यांनी तिला उलथन्याने मारलं, दंडावर वळ उठला, दुसऱ्या दिवशी शाळेत टीचरने विचारलं तर मुलीने जे झालं ते सांगून टाकलं आणि संध्याकाळी डीसीपीपीची केसवर्कर दारात. मिस्टरांनी घाबरून तिला आत घेतलं, ती मुलीशी एकटीशी बोलली, फ्रिज उघडून बघितला, बेडरूम बघितल्या, सासूबाईंना प्रश्न विचारले आणि भाषांतर मिस्टरांनीच केलं. जाता जाता धाकट्याच्या पाठीवरचे निळसर डाग दिसले तर त्याचेही फोटो काढले. आता ती गुरुवारी परत येणार आणि दोन कागदांवर सही हवी आहे, एक सेफ्टी प्लॅन, म्हणजे मुलीच्या सुरक्षिततेसाठी घरी पाळायच्या अटी, आणि एक मेडिकल रेकॉर्डचं रिलीज, म्हणजे डॉक्टरांकडचे कागद खात्याला द्यायची परवानगी. तुम्ही विचारताय की दार उघडायलाच लागतं का, सही करावीच लागते का, मुलांना घेऊन जातील का, सासूबाईंना लगेच परत पाठवू का, आणि व्हिसाचं काय होईल.

मी न्यू जर्सीत फॅमिली कोर्टात आईबापांच्या बाजूने उभी राहते, हेच माझं रोजचं काम. त्यामुळे खाली जे लिहितेय ते न्यू जर्सीपुरतं धरा, कारण अमेरिकेत हा कायदा राज्याराज्यात बदलतो, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातल्या मैत्रिणीचा अनुभव तुम्हाला लागू पडेलच असं नाही. आणि तुमच्या केसमध्ये वळ किती मोठा होता, आधी कधी असं झालंय का, फाइलमध्ये काय लिहिलं गेलंय, पोलिसांना कळवलंय का, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे, ते मला इथून दिसत नाही. गुरुवारच्या आत वकील गाठा, हे पहिलं.

दाराचा प्रश्न आता तुमच्यासाठी मागे पडलाय. खरा प्रश्न वेगळा आहे. डीसीपीपीची बाई तुम्हाला जे जे सांगते त्यातलं कोर्टाचा हुकूम कुठलं आणि नुसती विनंती कुठली, हे आपल्या लोकांना ओळखता येत नाही. ती नम्रपणे पण ठामपणे बोलते, गळ्यात सरकारी ओळखपत्र असतं, आणि आपण सरकारी माणूस म्हटला की हो म्हणायला शिकलेलो असतो. मग विनंतीलाही हुकूम समजून सही करतो, किंवा मग कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर सांगतं म्हणून एकदम दार आपटून बंद करतो. दोन्हीने नुकसान होतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी एकच वाक्य पाठ करायला लावते, "हा कोर्टाचा हुकूम आहे की तुमची विनंती आहे?" शांत आवाजात विचारायचं आणि उत्तर तारीख घालून लिहून ठेवायचं.

आता या खात्याचं काम कसं चालतं ते समजून घ्या. जुने लोक अजून त्याला डायफस म्हणतात, २०१२ मध्ये नाव बदलून डिव्हिजन ऑफ चाइल्ड प्रोटेक्शन अँड पर्मनन्सी झालं, तेच डीसीपीपी. न्यू जर्सीत मुलावर अत्याचार झाल्याचा वाजवी संशय आला तर कळवणं कायद्याने सगळ्यांवरच बंधनकारक आहे, नुसत्या डॉक्टर-शिक्षकांवर नाही. त्यामुळे त्या टीचरवर राग धरू नका, वळ बघून तिने फोन केला नसता तर तीच अडचणीत आली असती. शाळेत जाऊन "तुम्ही आधी आम्हाला का नाही बोलावलं" असं भांडूही नका, ते सगळं फाइलमध्ये जातं. फोन आला की साधारण चोवीस तासांत केसवर्करला मुलाला प्रत्यक्ष बघायचं असतं आणि साठ दिवसांच्या आसपास चौकशी संपवून निष्कर्ष लिहायचा असतो, कधी मुदत वाढते. तिच्याही मागे सुपरवायझर असतो आणि तिचे कागद पूर्ण व्हायला हवे असतात. गुरुवारच्या सह्यांची घाई बरीचशी त्यामुळे आहे.

दाराबद्दल तरी सांगते, कारण ती परत येणारच आहे आणि बाकी वाचणाऱ्यांनाही उपयोग होईल. अमेरिकन राज्यघटनेची चौथी दुरुस्ती, म्हणजे वॉरंटशिवाय घरात शिरून झडती घ्यायची नाही, ही फक्त पोलिसांना लागू आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. न्यू जर्सी ज्या थर्ड सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाच्या हाताखाली येतं त्या कोर्टाने १९८९ मध्ये गुड विरुद्ध डॉफिन काउंटी या पेनसिल्व्हेनियातल्या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की सोशल वर्कर असली तरी घरात शिरायला आणि मुलाचं अंग तपासायला संमती, कोर्टाचा आदेश किंवा खरीखुरी तातडी यापैकी काहीतरी लागतं. म्हणजे हक्क आहे. पण तो वापरायचा कसा हे वेगळं. मुलाच्या अंगावर वळ आहे, शाळेने बघितलाय, अशा वेळी तुम्ही "मुलगी दाखवणार नाही" म्हणालात तर ते कोर्टात अर्ज करून आदेश आणू शकतात, आणि न्यायाधीशासमोर तुमची पहिली ओळख "लपवणारे आईबाप" अशी होते. म्हणून माझा सल्ला बहुतेक वेळा असा असतो की मुलगी दाखवा, ती धड आहे, हसतेखेळते आहे हे दिसू दे, पण मोठ्यांचे जबाब वकिलाशिवाय देऊ नका. "आम्हाला सहकार्य करायचंय, आमचे वकील तुम्हाला फोन करून वेळ ठरवतील" एवढं बोलायचं. हे म्हणायला कोणी तुम्हाला अटक करत नाही.

पोलिसांच्या सिनेमात दिसते तशी "तुम्हाला गप्प राहायचा हक्क आहे" ही सूचना केसवर्कर देत नाही, कारण ही चौकशी दिवाणी असते आणि तुम्ही कोणाच्या ताब्यात नसता. पण तुम्ही तिला जे सांगाल ते प्रॉसिक्युटरच्या, म्हणजे फौजदारी खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलाच्या टेबलावर जाऊ शकतं, हे ध्यानात ठेवा. टेक्सासने २०२३ मध्ये कायदाच बदलला की पहिल्या भेटीतच आईबापांना त्यांचे हक्क सांगायचे, ते चांगलं झालं, पण तुम्ही न्यू जर्सीत आहात तर कोणी आपणहून सांगेल याची वाट बघू नका. एक गोष्ट मात्र देशभर लागू आहे. बालसंरक्षणाच्या केंद्रीय कायद्यात २००३ मध्ये सुधारणा झाली, तेव्हापासून पहिल्याच भेटीत तुमच्यावर तक्रार काय आहे ते सांगणं खात्याला बंधनकारक आहे. कोणी केली ते नाव सांगणार नाहीत, पण आरोप काय ते सांगायलाच हवं. गुरुवारी आधी तेच विचारा. नुसता दंडावरचा वळ, की "आईवडिलांना माहीत असून दुर्लक्ष केलं" हेही त्यात आहे? या दोन आरोपांत खूप फरक आहे.

शाळेत मुलीला तुमच्या परवानगीशिवाय विचारतात का, तर हो, इथे विचारतात आणि पुढेही विचारू शकतात. त्यामुळे आजपासून मुलीला काही पढवू नका. "तू असं सांग, तसं सांगू नको" हे सहा वर्षांचं मूल पहिल्या दोन मिनिटांत ओकून टाकतं आणि मग वळाची केस राहते बाजूला, मुलावर दबाव आणल्याची नवीन सुरू होते. तिला एवढंच सांगा की तिची काही चूक नाही आणि जे खरं आहे ते बोलायचं.

आता मारण्याबद्दल, मनापासून आणि सरळ. न्यू जर्सीत आईबापाने मुलाला हात लावणं हाच गुन्हा आहे हे खरं नाही. कायदा म्हणतो ते "अतिरेकी शारीरिक शिक्षा", आणि कोर्ट बघतं ते मुलाचं वय, इजा किती, कशाने मारलं, एकदाच की नेहमी, आणि परिस्थिती काय होती. २०११ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने पी. डब्ल्यू. आर. नावाच्या केसमध्ये सावत्र आईने किशोरवयीन मुलीच्या थोबाडीत मारल्याला अत्याचार धरलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी के. ए. केसमध्ये अपिलात असंच झालं, विशेष गरजा असलेल्या मुलीला आईने खांद्यावर बुक्क्या मारल्या होत्या, डाग उठले होते, पण एकदाच घडलेला प्रसंग, मदतीला कोणी नाही, आणि नंतर आईने स्वतःहून उपाय केले हे सगळं बघून कोर्टाने आईच्या बाजूने निकाल दिला. तुमच्या केसमध्ये मूल लहान आहे, वस्तूने मारलंय आणि वळ उठलाय, या तिन्ही गोष्टी विरुद्ध जातात. प्रसंग एकच असेल तर ती गोष्ट तुमच्या बाजूची. पण ताई, कायदा काही म्हणो, सहा वर्षांच्या पोरीला न खाल्लेल्या डब्यासाठी उलथन्याने मारायचं नाही, हे घरात तुम्ही दोघांनी सासूबाईंना ठाम सांगायलाच हवं, आणि ते केसच्या भीतीने नाही. "आम्हीही मार खाऊनच मोठे झालो" हे वाक्य तर केसवर्करसमोर चुकूनही नको.

आणि इथेच तुमच्या केसची खरी चावी आहे. मूल ज्याच्या हवाली केलंय तो कोणीही या कायद्याच्या व्याख्येत येतो, म्हणजे आजीवर वेगळा निष्कर्ष निघू शकतो आणि तुमच्यावर वेगळा. तुमच्या बाबतीत खातं बघतं ते एवढंच की तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही काय केलंत. वळावर काही लावलंत का, डॉक्टरला दाखवलंत का, सासूबाई आणि मुलगी एकट्या राहू नयेत याची सोय केलीत का. ज्या कुटुंबांनी खात्याने सांगायच्या आधी स्वतः अशी सोय केली त्यांच्या केसेस लवकर बंद होताना मी बघितल्यात. ऑफिसमध्ये सांगून काही आठवडे घरून काम घ्या, किंवा शाळा सुटल्यानंतरचं आफ्टरकेअर लावा, आणि त्याची ईमेल, पावती जपून ठेवा.

आता सेफ्टी प्लॅन. कोर्टाचा हुकूम नसेल तर सही ऐच्छिक असते, पण नकाराचा परिणाम होऊ शकतो, ते कोर्टात जाऊ शकतात, म्हणून मी सरसकट "सही करू नका" कधीच म्हणत नाही. मी म्हणते, कागद गुरुवारच्या आत ईमेलवर मागवा, वकिलाला दाखवा आणि बदलून घ्या. बहुतेक लोक खालच्या अटी वाचतात, वरचा चौकोन वाचत नाहीत. वर "काळजीचं कारण" म्हणून एक ओळ असते आणि तिथे लिहिलेलं असतं, "आजी मुलीला शिस्त लावण्यासाठी स्वयंपाकघरातल्या वस्तूने मारते." मारते, म्हणजे नेहमी. त्याखाली तुमची सही पडली की तुम्ही ते कबूल केल्यासारखं पुढे वापरलं जातं. ती ओळ "अमुक तारखेला असं घडल्याची तक्रार आहे" अशी करून घ्यायची. मग अटी बघा. "आजी घरात राहणार नाही" आणि "आजी मुलीसोबत एकटी राहणार नाही" यात केवढं अंतर आहे! दुसरी अट तुम्ही पाळू शकता, पहिलीने म्हातारं माणूस परक्या देशात कुठे जाणार? तिसरं, शेवटची तारीख. तारीख नसलेल्या प्लॅनवर सही करू नका, किती दिवस, पुन्हा कधी बघणार, कोणत्या गोष्टी झाल्या की संपेल, हे लिहून घ्या. आणि जी अट पाळता येणार नाही ती भिडेखातर मान्य करू नका, मान्य करून मोडलेली अट ही मुळात न केलेल्या सहीपेक्षा जास्त महागात पडते.

मेडिकल रिलीजचंही तेच. कोरा फॉर्म, ज्यात "सर्व डॉक्टर, सर्व रेकॉर्ड" असतं, त्यावर सही म्हणजे तुमच्या बाळंतपणानंतरच्या काउन्सेलिंगपासून सगळं उघडं. मुलांच्या पीडियाट्रिशनचं नाव, कुठल्या काळाचं रेकॉर्ड, एवढंच भरून द्या. धाकट्याच्या डागांसाठी तर हे रेकॉर्ड तुमच्याच फायद्याचं आहे. आपल्या बाळांच्या पाठीवर, ढुंगणावर जन्मापासून जे निळे-करडे डाग असतात ते कातडीतल्या रंगाचे असतात, वाढत्या वयात बहुतेक फिके होतात, आणि न बघितलेल्या माणसाला ते हुबेहूब मुका मार लागल्यासारखे दिसतात. जन्माच्या वेळच्या तपासणीत किंवा पहिल्या व्हिजिटमध्ये डॉक्टरने ते लिहिलेले असतात. उद्याच फोन करा, दोन ओळींचं पत्र मागा, की हे डाग अमुक तारखेपासून नोंदलेले आहेत. मार असेल तर काही दिवसांत रंग बदलून जातो, हे डाग तसेच राहतात, त्यामुळे डॉक्टरला परत तपासूही द्या. जाता जाता, ज्यांच्या घरी बाळाला बिब्बा घालतात किंवा पोटावर चटका देतात त्यांनी कृपया इथे ते करू नका, त्याची जखम भाजल्यासारखी दिसते, आणि मग ती घरगुती उपाय होती हे इथल्या डॉक्टरला पटवता पटवता नाकी नऊ येतात. काजळाचंही बघा, काहींमध्ये शिसं असतं आणि इथे लहान मुलांची रक्तात शिशाची तपासणी होते.

सासूबाईंच्या जबाबाबद्दल. मिस्टरांनी भाषांतर केलं ही गोष्ट वकिलाला आवर्जून सांगा. ज्यांना केंद्र सरकारचा पैसा मिळतो अशा खात्यांना १९६४ च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टखाली दुभाषा फुकट द्यावा लागतो, मराठीचा मागा, हिंदीवर भागवू नका. मुलगा आईच्या बोलण्याचं भाषांतर करतो तेव्हा नकळत सांभाळून घेतो किंवा घाबरून जास्त सांगतो, आणि दोन्ही तिच्या नावावर लिहिलं जातं. यापुढे सासूबाईंनी वेगळ्या वकिलाशिवाय बोलू नये. हो, वेगळा वकील, कारण त्यांचं हित आणि तुमचं हित इथे एक नाही. तुम्ही आणि मिस्टर यांच्यातही आईवरून मतभेद असतील तर तेही वकिलाला आधीच सांगा, एकच वकील दोघांना चालेल की नाही ते तो ठरवेल. आणि "तुझ्या आईने माझ्या पोरीला..." असले मेसेज एकमेकांना फोनवर टाइप करू नका, बोलायचं ते समोरासमोर बोला, मेसेज कोर्टात पुरावा म्हणून येतात. केसवर्करचं बोलणं रेकॉर्ड करता येतं का असं कोणीतरी विचारेलच, न्यू जर्सीत बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते, म्हणजे तुमची. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात मात्र सगळ्यांची लागते. मी तरी सांगून रेकॉर्ड करा म्हणते, त्याने वातावरण चिघळत नाही.

मुलांना घेऊन जातील का, ही भीती तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या तळाशी आहे ते कळतंय. नॉर्वे आणि जर्मनीतल्या भारतीय कुटुंबांच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. इथेही मुलं काढून नेतात, ते नाकारत नाही. पण तुम्ही सांगितलंय तेवढंच असेल, आजी मुलीसोबत एकटी राहत नसेल आणि तुम्ही दोघं सहकार्य करत असाल, तर तशी शक्यता कमी वाटते. कोर्टाच्या आदेशाशिवाय न्यायचं तर मुलाच्या जिवाला, सुरक्षिततेला किंवा आरोग्याला तत्काळ धोका असावा लागतो. इथे वकील त्याला डॉड रिमूव्हल म्हणतात, आणि त्यानंतर कोर्टाच्या कामाच्या दोन दिवसांत खात्याला न्यायाधीशासमोर यावं लागतं. तिथे तुम्हाला वकिलाचा हक्क आहे, ऐपत नसेल तर पब्लिक डिफेंडरच्या ऑफिसकडून मिळतो. सगळ्या राज्यांत असं नाही, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्ये लासिटर केसमध्ये असा वकील प्रत्येक केसमध्ये द्यायलाच हवा असं नाही म्हटलं होतं, न्यू जर्सी त्याच्याही आधीपासून देत होती. मात्र चौकशीच्या काळात, म्हणजे तुम्ही आत्ता जिथे आहात तिथे, असा फुकट वकील मिळत नाही, खिशातूनच करावा लागतो. मुलाला वेगळा वकील मिळतो, त्याला लॉ गार्डियन म्हणतात.

आणि तशी वेळ आलीच तर पहिल्याच दिवशी नातेवाइकांची यादी द्या. मूल ताब्यात घेतल्यावर तीस दिवसांत नातेवाईक शोधायला लागणं खात्यावर बंधनकारक आहे, पण तुमचे सगळे पुण्यात नाहीतर सांगलीत, मग खातं शोधणार कुठे? म्हणून पिस्कॅटवेची मावसबहीण, पार्सिपनीचे कॉलेजचे मित्र, ज्यांना मुलं काका-काकू म्हणतात, त्यांना आधीच विचारून ठेवा, नाव-पत्ता-फोन तयार ठेवा. मुलगी शाकाहारी असेल, दुधाची अ‍ॅलर्जी असेल, घरात मराठीच बोलत असेल, तर ते लेखी द्या. भेटी लगेच आणि नियमित मागा आणि एकही चुकवू नका. कारण १९९७ च्या केंद्रीय कायद्यानुसार मूल शेवटच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने फोस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दुसऱ्या घरी, असेल तर, काही अपवाद सोडता, खात्याला पालकत्व संपवण्याचा दावा करावाच लागतो. तेव्हा वेळ हा तिथे सगळ्यात मोठा शत्रू असतो. पालकत्व कायमचं काढायला मात्र साधा पुरावा चालत नाही, १९८२ पासून सँटोस्की केसमुळे "स्पष्ट आणि खात्रीलायक" पुरावा लागतो.

साधारणपणे तुमच्यासारख्या केसचा शेवट पत्राने होतो. न्यू जर्सीत निष्कर्ष चार प्रकारचे, सबस्टँशिएटेड (आरोप सिद्ध आणि गंभीर), एस्टॅब्लिश्ड (सिद्ध, पण तेवढा गंभीर नाही), नॉट एस्टॅब्लिश्ड (सिद्ध नाही, पण मुलाला काही इजा किंवा धोका दिसला) आणि अनफाउंडेड (निराधार). पहिला वाईट, त्याने नाव सेंट्रल रजिस्ट्रीत, म्हणजे मुलांवर अत्याचार केल्याचं ठरलेल्यांच्या राज्याच्या यादीत जातं आणि डेकेअर, फोस्टर, दत्तक अशा ठिकाणच्या तपासणीत ते निघतं. त्यावर अपील करता येतं, मुदत पत्रात लिहिलेली असते आणि ती फार छोटी असते, पाकीट न उघडता टेबलावर पडून राहिलं की हक्क गेला. तिसऱ्या प्रकारात "केस बंद" वाचून लोक पेढे वाटतात, पण ती नोंद खात्याकडे राहते आणि पुन्हा कधी फोन आला तर पहिल्यांदा तीच उघडतात.

व्हिसा. डीसीपीपीचा निष्कर्ष म्हणजे गुन्ह्याची शिक्षा नव्हे, तो दिवाणी आहे, त्याने आपोआप एच-वन-बी जात नाही. खरा धोका फौजदारी बाजूने आहे. इमिग्रेशन कायद्यात मुलावर अत्याचार, दुर्लक्ष किंवा टाकून देणे या गुन्ह्याची शिक्षा हे देशाबाहेर काढायचं कारण आहे, ग्रीन कार्डवाल्यांनासुद्धा. आणि "गुन्हा कबूल करा, फक्त प्रोबेशन, जेल नाही" असा सौदा क्रिमिनल कोर्टात मोहक वाटतो, पण इमिग्रेशनच्या हिशोबात तीही शिक्षाच धरली जाऊ शकते. २०१० मध्ये पडिया केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की क्रिमिनल वकिलाने हा परिणाम अशिलाला सांगायलाच हवा. म्हणून पोलिसांचा किंवा प्रॉसिक्युटरच्या ऑफिसचा फोन आला तर, तुम्हाला येवो की सासूबाईंना, "वकिलाशी बोलून कळवतो" याखेरीज एक शब्द नाही, आणि इमिग्रेशनचा वकील त्याच दिवशी.

कॉन्सुलेटबद्दल, मुलांपैकी कोणाचा पासपोर्ट भारतीय असेल आणि त्याच्यासाठी पालक नेमायची वेळ आली तर कॉन्सुलेटांबाबतच्या व्हिएन्ना या आंतरराष्ट्रीय करारातल्या ३७ व्या कलमाप्रमाणे न्यूयॉर्कच्या भारतीय कॉन्सुलेटला कळवावं लागतं. इथे जन्मलेलं मूल अमेरिकन नागरिक, तिथे कॉन्सुलेट फारसं काही करू शकत नाही.

आता सासूबाईंना परत पाठवायचं का. कोर्टाचा आदेश नाही, गुन्हा दाखल नाही, तर त्यांना जायला बंदी नाही. पण गुरुवारच्या आदल्या रात्री गुपचूप विमानात बसवलं तर साक्षीदार पळवल्यासारखं दिसतं आणि तुमच्यावरचा विश्वास जातो. त्यापेक्षा तुमच्या वकिलाने केसवर्करला लेखी कळवावं की आजी अमुक तारखेच्या तिकिटाने जाणार आहेत, तोपर्यंत अमुक मित्रांकडे राहतील किंवा मुलीसोबत एकट्या राहणार नाहीत. मुलीला घेऊन तुम्हीच भारतात जाऊन यावं का, असं तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. चौकशी चालू असताना जाऊ नका. आणि कोर्टात केस दाखल झाल्याचं कळल्यानंतर कोर्टाच्या हद्दीतून सुटण्यासाठी मुलाला बाहेर नेणं हा न्यू जर्सीत फौजदारी गुन्हा आहे, आदेश निघायच्या आधीसुद्धा. तिकिटं आधीच काढलेली असतील, लग्नकार्य असेल, तर तिकिटाच्या तारखा आणि पत्रिका वकिलाकडे द्या, त्याला खात्याशी बोलून लेखी उत्तर घेऊ दे. लेखी आल्याशिवाय एअरपोर्टला निघू नका.